जंगल मागे फिरत नाही

हिमयुगांवरच्या पुस्तकांत युरोपचा एक नकाशा हमखास असतो. त्यावर दोन प्रकारचे बाण काढलेले असतात. बर्फ वितळल्यावर स्पेन, इटली आणि बाल्कनमधून उत्तरेकडे निघालेले लाल बाण, आणि उबदार काळ संपल्यावर त्याच वाटांनी दक्षिणेकडे उतरणारे निळे बाण. लाल बाणांबद्दल माझी तक्रार नाही. ओक उत्तरेला जातो म्हणजे काय होतं हे नीट सांगता येतं. ‘जे’ नावाचा कावळ्याच्या कुळातला पक्षी ओकची फळं उचलून लांब नेतो, मातीत पुरून ठेवतो आणि त्यातली काही विसरतो. विसरलेल्या फळांतून नवी झाडं उगवतात, तीस-चाळीस वर्षांनी त्यांना फळं धरतात आणि सीमा थोडी पुढे सरकते. निळा बाण मात्र मला कायम खटकत आला आहे. ओक दक्षिणेला ‘परततो’ म्हणजे नेमकं काय करतो? दक्षिणेतल्या दऱ्यांत ओक आधीपासून आहेत, ते कुठे गेलेलेच नाहीत. त्यांच्या सावलीत उत्तरेकडून आलेल्या बीला जागा कोण देणार?

हा प्रश्न तपासायला आजच्या आधीच्या, म्हणजे मागच्या उबदार काळाइतकी चांगली जागा नाही. नेदरलँड्समधल्या एम नदीवरून त्याला ‘एमियन’ म्हणतात. साधारण १,३०,००० वर्षांपूर्वी तो सुरू झाला. समुद्र आजच्यापेक्षा सहा ते नऊ मीटर वर होता आणि आज जिथे लंडनचा ट्रॅफल्गार चौक आहे तिथे पाणघोडे होते. उत्तर गोलार्धातला उन्हाळ्याचा सूर्यप्रकाश १,२७,००० वर्षांच्या आसपास सर्वाधिक होता. मग पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे तो उतरत गेला आणि १,१६,००० च्या सुमाराला तळाला पोचला. हा उतार इतका मंद होता की एखाद्या झाडाच्या आयुष्यात त्याचा मागमूसही लागला नसता. तरीही जंगलाचा शेवट झाला, आणि तो वेगवेगळ्या ठिकाणी फार वेगवेगळ्या पद्धतीने झाला.

उत्तर जर्मनीत बिस्पिंगेन इथे एका जुन्या तळ्याचा गाळ आहे. त्यातले वार्षिक थर मोजून तिथला एमियन सुमारे ११,००० वर्षांचा ठरवला गेला. थरांत अडकलेल्या परागकणांवरून कुठली झाडं कधी होती ते कळतं. सुरुवातीला बर्च आणि मग पाइन, हे दोन टप्पे मिळून काहीशे वर्षांत उरकतात. एल्म आणि ओक लगेच येतात. त्यानंतर हेझल. (आपल्या चालू उबदार काळात हेझल ओकच्या आधी आला. त्याच देशात तीच झाडं दोनदा आली, पण रांग बदलली.) पुढे यू आणि लिंडेन, आणि त्यानंतर हॉर्नबीम. हॉर्नबीमचं राज्य सुमारे ४,००० वर्षं टिकलं. आजच्या मध्य युरोपात जागोजागी दिसणारा बीच त्या काळात तिथे जवळपास नव्हताच. हॉर्नबीम उतरणीला लागला तसे स्प्रूस आणि फर चढले. त्यांची साधारण २,००० वर्षं, मग पुन्हा पाइनची तितकीच. म्हणजे बर्चपासून ओकपर्यंत चढायला काही शतकं लागली आणि हॉर्नबीमपासून उघड्या माळापर्यंत उतरायला ४,००० वर्षं. चढण आणि उतरण एकमेकांची उलटी प्रत मुळीच नाही. उतरणीत हेझल पुन्हा राजा झाला नाही, एल्म पुन्हा पुढे आला नाही.

ही लांबलचक उतरण फक्त थंडीची नव्हती. योहानेस इव्हर्सन या डॅनिश परागतज्ज्ञाने १९५८ साली मांडलेली चौकट मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. बर्फ मागे हटतो तेव्हा त्याने दळून ठेवलेली माती कोवळी असते, चुन्याने आणि खनिजांनी भरलेली. तिच्यावर सूर्यप्रकाश हवा असणारी गवतं, झुडपं आणि बर्च वाढतात. मग तपकिरी सुपीक मातीवर ओक, एल्म, लिंडेन यांचं दाट जंगल उभं राहतं. पण पाऊस हजारो वर्षं पडतच असतो. तो चुना धुऊन नेतो, स्फुरद कमी होत जातं आणि माती आंबट होते. गांडुळं विरळ होतात, पाला कुजायचा थांबतो आणि त्याचा चिवट, काळसर थर साचतो. अशा मातीत एल्मचं बी रुजत नाही, स्प्रूसचं रुजतं. शिवाय स्प्रूसच्या सुया गळून माती आणखी आंबट होते. स्वेन्ड अँडरसन यांनी डेन्मार्कमधल्या एमियन तळ्यांच्या गाळात हा प्रवास जंगलात आणि तळ्याच्या पाण्यात एकाच वेळी दाखवला. काठावरची माती म्हातारी होत गेली तसं पाणीही आंबट आणि निकस होत गेलं. म्हणून परागकणांच्या आलेखात स्प्रूस चढताना दिसला की ‘थंडी आली’ असं लगेच लिहू नये. ती पावसाने धुऊन नेलेली माती असू शकते.

थंडी वेगळी ओळखायची असेल तर मोठ्या झाडांकडे पाहून भागत नाही, किरकोळ वाटणाऱ्यांकडे पाहावं लागतं. इव्हर्सननेच १९४४ साली हॉली हे सदाहरित झाड, आयव्ही ही वेल आणि दुसऱ्या झाडांवर वाढणारा मिसलटो या तिघांना थर्मामीटर बनवलं. त्याच्यासमोर १९३९ ते १९४२ चे तीन कडक हिवाळे होते आणि त्यांत डेन्मार्कमधली हॉली, आयव्ही कुठे कुठे मेली हे प्रत्यक्ष पाहता येत होतं. हॉलीला सर्वांत थंड महिन्याची सरासरी साधारण उणे अर्ध्या अंशाखाली चालत नाही. आयव्ही उणे दीड अंशापर्यंत तग धरते. मिसलटो बराच कडक हिवाळा सोसतो, पण त्याला उन्हाळा गरम लागतो. हॉली आणि आयव्हीचे परागकण कीटक नेतात, त्यामुळे ते तळ्यात फारसे पडत नाहीत. पाचशे कणांत आयव्हीचे दोनच सापडले तरी वेल जवळच होती असं धरता येतं. उलट पाइनचे शंभर सापडले तरी पाइन जवळ असेलच असं नाही. एमियनच्या ऐन भरातल्या गाळात हे मऊ हिवाळ्याचे साक्षीदार भेटतात. ते गळतात तेव्हा हॉर्नबीम आणि स्प्रूस अजून दिमाखात उभे असतात.

आता तो आकडा, ज्याने या विषयात खळबळ उडवली. फ्रान्सच्या ईशान्येला, व्होज डोंगरांच्या दक्षिण पायथ्याशी ‘ला ग्रांद पील’ नावाची दलदल आहे. तिथल्या सुमारे वीस मीटर गाळात १,४०,००० वर्षांचा अखंड इतिहास आहे. बेल्जियमच्या जनव्हिएव्ह व्होयार यांनी तो वाचला आणि १९७९ साली लिहिलं की तिथलं उबदार जंगल जाऊन पाइन, बर्च, स्प्रूसचा तैगा (थंड उत्तरेतलं जंगल) यायला अखेरच्या टप्प्यात १५० वर्षं लागली, अधिक-उणे ७५. बिस्पिंगेनच्या हजारो वर्षांच्या उतरणीशेजारी ही १५० वर्षं ठेवली की दचकायला होतं. त्याआधी १९७२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात शास्त्रज्ञ ‘आपला उबदार काळ कधी संपणार’ या प्रश्नावर जमले होते आणि वर्षअखेर त्यांच्यापैकी दोघांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पत्रही लिहिलं होतं. त्या वातावरणात व्होयार यांचा आकडा पडला.

अशा आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे तो कसा निघतो ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

गाळाचा स्तंभ काढताना एक भोक पुरत नाही. अर्ध्या-एक मीटरचे तुकडे निघतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला गाळ विस्कटलेला असतो. म्हणून शेजारी दुसरं भोक घेऊन सांधे एकमेकांवर चढतील असे तुकडे काढतात. मग ठरावीक अंतरावर एक घन सेंटिमीटर गाळ घ्यायचा. त्यात लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकायची, तिच्यात किती बीजाणू आहेत हे आधी मोजलेलं असतं. हायड्रोक्लोरिक आम्लात गोळी विरघळते, गाळातला चुनाही जातो. मग दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये थोडा वेळ गरम केलं की कुजलेल्या पाल्याचा काळा चिकटा सुटतो. जास्त वेळ ठेवलं तर कण फुगतात आणि ओळख बिघडते. चाळणीतून मोठा कचरा काढायचा. वाळू-चिकणमाती उरली तर हायड्रोफ्लोरिक आम्ल, तेही प्लास्टिकच्या नळीत, कारण हे आम्ल काच खाऊन टाकतं. हे काम धुराड्याच्या कपाटाबाहेर कधीच करू नये, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम हाताशी ठेवावा. नंतर ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुऊन पाण्याचा अंश काढायचा, कारण पुढचं मिश्रण पाण्याला लागलं तर उसळतं. त्यात नऊ भाग ॲसेटिक अनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक आम्ल असतं. ते आयत्या वेळी थेंब-थेंब घालत बनवायचं आणि तीन-चार मिनिटं गरम पाण्यात ठेवायचं. सेल्युलोज जातं आणि परागकणाचं कवच उरतं. कवचाचं द्रव्य, स्पोरोपोलेनिन, इतकं चिवट आहे की एवढ्या आम्लांतून आणि लाखभर वर्षांतून ते नक्षीसकट बाहेर येतं. मग सिलिकॉन तेलात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काचपट्टी करायची. ग्लिसरीनमध्ये कण हळूहळू फुगत राहतात. शेवटी चारशे पटींवर निदान तीनशे ते पाचशे कण मोजायचे.

आता फसगत कुठे होते ते पाहू. पाइनच्या कणाला दोन हवेच्या पिशव्या असतात, तो शेकडो किलोमीटर जातो. समजा जंगल दाट असताना एक घन सेंटिमीटर गाळात एक लाख कण आहेत आणि त्यातले २,००० लांबून आलेले पाइनचे. म्हणजे दोन टक्के. जवळची झाडं मेली, एकूण कण ५,००० वर आले, पाइनचे लांबून येणारे २,००० तेवढेच राहिले. आता पाइन चाळीस टक्के. आलेख म्हणतो की पाइनचं जंगल आलं, प्रत्यक्षात तिथे उघडा माळ असू शकतो. लायकोपोडियमची गोळी याचसाठी असते. पट्टीवर गाळातले किती कण आणि गोळीतले किती बीजाणू दिसले या प्रमाणावरून घन सेंटिमीटरमधली खरी संख्या काढता येते. दुसरा पुरावा सुयांच्या पर्णरंध्रांचा. पाइन, स्प्रूसच्या पर्णरंध्रांच्या पेशी त्याच पट्टीवर टिकतात आणि सुया काही वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जात नाहीत. उलटी फसगत लार्च या सूचिपर्णी झाडाची. त्याचे कण थोडे, गोल आणि बिननक्षीचे असतात आणि लवकर नासतात. तैगात लार्च भरपूर असला तरी आलेखात तो कोपऱ्यात उभा असतो. ॲस्पेनचं तर कवचच इतकं पातळ की त्याची गणना नेहमीच कमी होते.

मुख्य धोका वेळेच्या हिशेबाचा. एक सेंटिमीटर गाळ साचायला समजा पन्नास वर्षं लागली आणि नमुने दहा सेंटिमीटरवर घेतले, तर दोन नमुन्यांमध्ये ५०० वर्षं हरवतात आणि कुठलाही बदल ‘अचानक’ दिसतो. म्हणून शेवटाच्या जागी सेंटिमीटरच्याही आत नमुने घ्यावे लागतात. आणि दलदल मधे काही शतकं कोरडी पडली असेल तर गाळ साचायचाच थांबतो. दोन काळांचे थर एकमेकांना चिकटतात आणि सावकाश झालेली गोष्ट एका रेषेत घडल्यासारखी वाटते. तिथे कण खरवडलेले, झिजलेले दिसतात का, राखेचा किंवा वाळूचा थर आहे का, हे आधी बघायचं. १५० च्या पुढे लिहिलेले ‘अधिक-उणे ७५’ मी नेहमी लक्षपूर्वक वाचतो. आकड्याच्या निम्मी अनिश्चितता व्होयार यांनी स्वतःच मोकळेपणाने छापली आहे.

पण त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. जर्मनीतल्या आयफेल भागातल्या एका जुन्या ज्वालामुखी तळ्याचे वार्षिक थर मोजून २००५ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुमारे १,१८,००० वर्षांपूर्वी तिथे ४६८ वर्षांचा कोरडा कालखंड येऊन गेला, ज्यात धुळीची वादळं होती, वणवे होते आणि उबदार हवेतली झाडं घटली. त्याचा संबंध उत्तर अटलांटिकमधला उबदार प्रवाह दक्षिणेकडे सरकण्याशी लावला गेला. मला वाटतं, दोन्ही नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत. माती हजारो वर्षं निकस होत होती, उन्हाळे कणाकणाने थंडावत होते, आणि जंगल जुन्या सवयीवर उभं होतं. मग समुद्राने एक धक्का दिला. धक्का छोटा असला तरी तेवढा पुरला.

जुन्या सवयीवर उभं असणं म्हणजे काय, हे आज इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये दिसतं. तिथे छोट्या पानांच्या लिंडेनची काही झाडं कड्यांच्या कडेला आहेत. त्यांचा अभ्यास डोनल्ड पिगॉट यांनी केला. झाडं निरोगी आहेत, फुलतात, मधमाश्या येतात. पण उन्हाळा थंड असला की परागनळी हळू वाढते, बीजांडापर्यंत वेळेत पोचत नाही आणि फळ पोकळ राहतं. खोड मोडलं तर बुडातून नवे धुमारे फुटतात आणि झाड पुढची शतकं काढतं. यातली काही झाडं हजार वर्षांहून जुनी असावीत, तेव्हाच्या अधिक उबदार उन्हाळ्यांची आठवण म्हणून उरलेली. ज्या वाड्यात म्हातारी माणसं धडधाकट आहेत पण पिढ्यान्‌पिढ्या पाळणा हललेला नाही, तसं हे जंगल. एमियनच्या शेवटी उत्तर युरोपातल्या लिंडेन आणि हेझलचं असंच झालं असणार. ते कुठे निघून गेले नाहीत.

ते जागच्या जागी संपले.

निळ्या बाणाला खरं आव्हान १९९१ साली मिळालं. कीथ बेनेट, क्रोनिस त्सेदाकिस आणि कॅथी विलिस यांनी दक्षिण युरोपातल्या लांब परागनोंदी समोर ठेवून मांडलं की उबदार काळ संपताना उत्तरेतली झाडं दक्षिणेत माघार घेत नाहीत, ती नष्ट होतात. पुढच्या उबदार काळात उत्तरेला येतात ती दक्षिणेत सगळा वेळ टिकून राहिलेल्यांची पिलावळ. ग्रीसच्या वायव्येला पिंडस डोंगरांच्या पश्चिम उतारावर योआनिना हे ठिकाण आहे. समुद्रावरून येणारा पाऊस तिथे अडतो आणि उंच-सखल दऱ्याखोऱ्यांमुळे झाडाला थोडं वर-खाली सरकलं तरी जमतं. तिथल्या गाळात थंड काळातही ओकचे कण कधी पूर्ण थांबत नाहीत. पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळच्या सागरी गाळातून कळतं की इबेरियातलं एमियन जंगल सुमारे १६,००० वर्षं टिकलं. उत्तरेकडे बर्फाचे थर वाढू लागले होते, तरी तिथे ओक फुलत होते. हा एक उबदार काळ, पण त्याची लांबी अक्षांशागणिक वेगळी. याचा अर्थ असा की उत्तरेत जन्मलेली, तिथल्या लांब दिवसांना आणि गारठ्याला हजारो वर्षांत जुळलेली झाडं त्या जुळवणीसकट गेली. मला यातलं सर्वांत मोठं नुकसान हे वाटतं, आणि ते कुठल्याही आलेखात दिसत नाही.

त्यानंतरचा थंड टप्पा ओसरल्यावर काय झालं ते पाहिलं की हे पटतं. ला ग्रांद पीलला ओक आणि हॉर्नबीम परत आले. उत्तर जर्मनीत त्याच टप्प्यात बर्च आणि पाइनवरच थांबावं लागलं. हवा पुरेशी सुधारली नव्हती हे एक कारण, आणि बीचा साठा फार लांब होता हे दुसरं. या दोन कारणांत कुणाचा वाटा किती, यावर दोन चांगले परागतज्ज्ञ संध्याकाळभर भांडू शकतात. बरं, जंगल नुसतं सोसत नव्हतं. तैगातल्या झाडांच्या गर्द शेंड्यांखाली बर्फ झाकलेला राहतो आणि ऊन शोषलं जातं. तैगा हटून टुंड्रा, म्हणजे झाडांवाचूनचा गारठलेला माळ, आला की पांढरा बर्फ वसंतापर्यंत उघडा पडतो आणि ऊन परत फेकतो. गणिती प्रतिकृतींत हा एवढा बदल घातला की कॅनडाच्या उत्तरेत उन्हाळ्यानंतरही बर्फ उरायला लागतो. थंडीने झाडं मारली आणि झाडांच्या जाण्याने थंडी वाढली.

आपल्याकडे हिशेब तापमानापेक्षा पावसाचा असतो. निलगिरीच्या पठारावर दलदलीत साचलेल्या पीटमध्ये गवताचे परागकण भरपूर असतात, पण सगळी गवतं परागात सारखीच दिसतात. म्हणून तिथे कार्बनच्या समस्थानिकांचा, म्हणजे वेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणाचा, आधार घेतात. उष्ण, कोरड्या हवेतल्या गवतांचा ठसा झाडांपेक्षा वेगळा असतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीत हिमयुगाच्या भरात अशा गवतांचा जोर दिसतो, मान्सून बळावल्यावर झाडं आणि ओलाव्याच्या वनस्पती, आणि नंतर पुन्हा कोरडेपणा. लोणारच्या गाळात सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या थरांत गेलुसाइटचे स्फटिक मिळतात. पाणी फार आटल्याशिवाय ते बनत नाहीत. युरोपात ‘उबदार काळाची अखेर’ म्हणतात तेव्हा निलगिरीतल्या शोला जंगलांच्या आणि लोणारच्या संदर्भात ‘चांगल्या पावसाची अखेर’ असं वाचावं.

एका उबदार काळाच्या शेवटी एक जाती गेली तर आलेखात एक रेष कमी होते. असे शेवट पन्नासेक वेळा झाल्यावर काय उरतं ते युरोपात बघावं. हेमलॉक, हिकरी, लिक्विडॲम्बर हे सगळे वृक्ष तिथे होते. अमेरिकेत आणि चीनमध्ये ते आजही आहेत. युरोपात आल्प्स आणि पिरेनीज आडवे पसरलेत आणि पुढे समुद्र, त्यामुळे दक्षिणेतली आश्रयस्थानं लहान आणि सुटी सुटी राहिली. ज्या जातीचं प्रत्येक आश्रयस्थान एकदा तरी कोरडं पडलं ती संपली. एल्मच्या कुळातला झेल्कोव्हा जेमतेम वाचला. क्रीटमध्ये तो डोंगरात आहे, पण शेळ्या इतक्या खुडतात की पुष्कळ झाडं झुडपाएवढीच राहतात आणि त्यांना फळ धरत नाही. सिसिलीतला झेल्कोव्हा तर १९९१ पर्यंत कुणाला ठाऊकच नव्हता. तो इब्लेई डोंगरातल्या ओहोळांच्या तळाशी, जिथे थोडी ओल टिकते तिथे, मोजक्या संख्येने आहे. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यामुळे रुजणारं बी तयार होत नाही. मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर त्याचं चाललं आहे. कोरड्या उन्हाळ्यांत त्याची पानं अवेळी तपकिरी पडतात. आता त्याची रोपं प्रयोगशाळेत वाढवून, सध्याच्या जागेपेक्षा अधिक पावसाच्या डोंगरात लावून पाहत आहेत.